बाजींचा गुणफलक

"कशावरून?"

समोरच्याचं वाक्य पुरतं संपायच्या आत हा प्रश्न यायचा. चष्मा कपाळावर चढवलेला, उजवा तळहात पुढं केलेला. पुरावा असेल तर इथं आणून ठेवा, असा. आमच्या धाराशिवच्या कनिष्ठ महाविद्यालयात त्या इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. आता लातूरला असतात. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण सगळे त्यांना बाजीच म्हणायचे, म्हणजे थोरली बहीण. मुलं म्हणायची, शिपाई म्हणायचा, प्राचार्य म्हणायचे आणि एकदा डबा द्यायला आलेल्या प्राचार्यांच्या आईसुद्धा म्हणाल्या.

एकदा शिपाई आनंदानं सांगत आला, "बाजी, सोमवारी सुट्टी हाय."

"कशावरून?"

"कॅलेंडरात लाल हाय की."

बाजी उठल्या, भिंतीजवळ गेल्या. "हे पान याच महिन्याचं आहे कशावरून?"

पान मागच्या महिन्याचं निघालं. सुट्टी गेली. शिपाई आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही, आणि बाजी आठवडाभर हा किस्सा सांगत हिंडत होत्या. आपण बरोबर ठरलो की त्या अजिबात लपवायच्या नाहीत. त्यांचे यजमान सांगायचे, "निकाहच्या वेळी काझींनी कबूल विचारलं, तर हिनं आधी माझं नाव परत वाचायला लावलं. म्हणाली, एकदा खात्री करा, मुलगा हाच ना." बाजी यावर म्हणायच्या, "मग? त्या दिवशी मांडवात दोन निकाह होते. चुकीच्या घरी गेले असते तर?"

अशी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिलेली असतात. त्यांच्याबरोबर बाजारात गेलं की आपल्याला ओशाळल्यासारखं होतं. मी त्यांच्याच गल्लीत राहायचो, त्यांच्याच कॉलेजात मराठी शिकवायचो, आणि खो-खोच्या सामन्यांना गुणलेखक म्हणून टेबलावर बसायचो. त्यामुळे माझ्या वाट्याला हे ओशाळणं जरा जास्तच आलं. आणि पुढं जे घडलं, तेही अगदी जवळून बघायला मिळालं.

आमच्या जिल्ह्यात खो-खोचं वेड केवढं आहे, ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. दर हिवाळ्यात आमच्या मैदानावर मुलींची स्पर्धा भरते. चहूबाजूंनी माणूस लोटतो. झाडांवर पोरं, पत्र्यावर पोरं, कंपाउंडच्या भिंतीवर म्हातारे. पण गुण कळायची सोय नव्हती. फळ्यावर खडूनं लिहायचं, आणि ते पहिल्या दोन रांगांना दिसायचं. मागचे सारखे ओरडायचे, "किती झाले? अहो, किती झाले?"

बाजींनी मग गुणफलक बनवला. लोखंडी चौकट, लाल दिव्यांचे हातभर उंचीचे आकडे, आणि आत नखाएवढी चिप. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. या चिपमध्ये थोडीशी पक्की मेमरी असते, लाईट गेली तरी लक्षात ठेवणारी. आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही, म्हणून बाजींनी गुण त्या मेमरीत ठेवायची व्यवस्था केली होती. गडी बाद झाला की टेबलावरच्या डबीचं बटण त्या स्वतः दाबायच्या. बोर्डावर आकडा वाढायचा आणि पत्र्यावरच्या पोरांपर्यंत एकदम सगळ्यांना कळायचं. पहिल्या दिवशी लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या मुलींसाठी कमी आणि बोर्डासाठी जास्त. बाजींनी उभं राहून त्या स्वीकारल्या.

त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात तो प्रसंग झाला.

शेवटचा डाव. आमच्या मुलींचा पाठलाग चालू होता. पाहुण्या मुलींचे तेरा गुण झाले होते, आणि आता त्या फक्त पळून वेळ काढणार होत्या. आमची कर्णधार शीतल, तामलवाडीची, काळीसावळी, वाऱ्यासारखी पोरगी. तिनं बारावा गडी टिपला. बाजींनी बटण दाबलं आणि त्याच क्षणी लाईट गेली. जराशानं आली. बोर्ड उजळला. मी मान खाली घालून कागदावर बारा लिहीत होतो. बोर्ड माझ्या पाठीमागं होता. त्यावर तेरा आले होते.

पुढचा गडी बाद झाला तेव्हा माझ्या कागदावर तेरा झाले आणि बोर्डावर चौदा. मैदान फुटलं. जिंकलो म्हणून मधल्या पट्टीवर बसलेल्या मुली उठून एकमेकींच्या गळ्यात पडल्या. वेळ अजून शिल्लक होती. पाहुण्यांची एक मुलगी हाताच्या अंतरावर उभी होती, पण तिच्याकडं कोणाचं लक्षच नव्हतं. शिट्टी झाली. पंच टेबलाशी आले, कागद बघितला, आणि दोन्ही हात वर करून सांगितलं, बरोबरी. जादा डाव होणार.

जिंकलेल्या मुलींना परत खेळायला उभं करणं काय असतं, ते त्या दिवशी मी पाहिलं. कोणाचे पाय उचलत नव्हते. एकजण रडत रडत पळत होती. जादा डावात आम्ही सहज हरलो.

लोकांनी बाजींना सोडलं नाही. "बाराचे तेरा केले आणि आमचे तीनतेरा वाजवले," असं कोणीतरी म्हणालं आणि ते गावभर झालं. भाजीवाली विचारायची, "बाजी, अर्धा किलो देऊ, का तुमच्या बोर्डानं मोजून देऊ?" तीनतेरा मॅडम हे नाव कॉलेजच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं मी स्वतः पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा होतं.

बाजी ते सगळं ऐकून घ्यायच्या, आणि उलट उत्तरही करायच्या. त्यांना लागली ती वेगळीच गोष्ट. स्पर्धेनंतर महिनाभरानं मैत्रीचा एक सामना होता. बाजी बोर्ड घेऊन गेल्या. शीतल पुढं आली. तिनं कोपऱ्यातली ताडपत्री उचलली आणि सरळ बोर्डावर टाकली.

"काय गं हे?" आमचे प्रशिक्षक दत्ता सर ओरडले.

"सर, खेळताना ते दिसतंय. दिसलं की बघावंच वाटतंय. आमी आता त्याच्याकडं बघणार न्हाय."

बाजींनी चष्मा खाली घेतला, पुसला, परत घातला. "राहू द्या, सर. बरोबर आहे तिचं," म्हणाल्या. त्या दिवशी सामना संपेपर्यंत त्या झाकलेल्या बोर्डाशेजारी बसून होत्या.

घरी जाताना मी त्यांना म्हणालो, "बॅटरी लावा की, बाजी. लाईट गेली तरी बोर्ड चालू राहील."

"लावणारच आहे. पण बॅटरी मरते. नाहीतर वायर कोणाच्यातरी पायात येऊन निघते. खरं दुखणं ते नाही, सर. खरं दुखणं असं आहे की त्या बोर्डाला मेमरीत जे सापडलं ते त्यानं गुमान दाखवलं. त्यानं विचारलंच नाही."

"काय विचारलं नाही?"

"कशावरून!" त्या रस्त्यात थांबून ओरडल्या. एक सायकलवाला दचकून उतरला.

मग उभ्या उभ्या त्यांनी मला ते समजावलं. मेमरीत नवा आकडा लिहिताना आधी जुना पुसतात. लाईट मधेच कमी झाली की लिखाण अर्धवट राहतं. आतला आकडा म्हणजे वर-खाली होणारे ठिपके. एखादा ठिपका जिथं खाली बसायला हवा तिथं वरच राहतो, आणि बाराचे तेरा होतात. तेरा हाही चांगला धडधाकट आकडा, बघून संशय येत नाही. "नव्वद झाले असते तर पत्र्यावरच्या पोरांनीसुद्धा ओळखलं असतं. एकाच गुणानं घात केला."

उपाय त्यांनी सांगितला तो असा. गुणांसोबत आणखी एक आकडा लिहायचा. त्याला त्या पारखआकडा म्हणायच्या. तो गुणांवरूनच हिशेब करून काढलेला. जागं झालं की बोर्डानं गुण वाचायचे, हिशेब नव्यानं करायचा आणि लिहून ठेवलेल्या पारखआकड्याशी ताडून बघायचा. जुळलं तर गुण खरे. नाही जुळलं तर समजायचं की मेमरीत काहीतरी बिघडलंय. आणि हे सगळं दोन जागी लिहायचं, म्हणजे एक प्रत फाटली तर दुसरी असेल. दोन्ही फाटल्या तर बोर्डानं नुसत्या आडव्या रेघा दाखवायच्या.

"रेघा म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत न्हाय. माहीत नसलं तर माहीत न्हाय म्हणावं. माणसांना जमत नाही, त्याला तरी जमू दे."

यानंतर एक दिवस मी ज्वारी दळायला गिरणीत गेलो, तर आत भिंतीला टेकवून खो-खोचा गुणफलक उभा. पांढराफेक. आकड्यांवर पिठाचा थर. शेजारी स्टुलावर बाजी, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, भुवयांवर पीठ. भोवती डबे घेऊन बायका.

"हे काय, बाजी?"

"इथली लाईट बघा, सर." त्यांनी गिरणीवाल्या मामूंना हात केला. मामूंनी खटका ओढला. मोटर हुंकार देत सुरू झाली, वरचा बल्ब पिवळा पडला, बोर्डाचे आकडे मंदावले, मिटले आणि परत आले. "एकदम जाणारी लाईट बरी. कण्हत कण्हत जाणारी वाईट. चिप धड जागी नसते, धड झोपलेली नसते, आणि झोपेत भलतं लिहिते. अशी घाणेरडी लाईट पूर्ण धाराशिवात फक्त मामूंकडं आहे."

"मेहेरबानी," मामू म्हणाले.

बाजी डबी घेऊन गुण वाढवत होत्या, मामू मोटर चालू-बंद करत होते आणि बायका आकडे वाचत होत्या. पहिले काही दिवस बायकांना वाटलं की खरोखरच कुठंतरी सामना चाललाय आणि त्याचे गुण इथं दिसतात. एका आजींनी तर विचारलं, "कोन जिंकायलंय, माय?" बाजींनी गंभीरपणे सांगितलं, "अजून डाव बाकी आहे."

त्याच आजींनी पुढं मोठं काम केलं. मोटर सुरू झाली, बोर्ड मिटून आला, बाजी म्हणाल्या, "जुळलं! बरोबर आहे!" आणि आजी डब्यावर हात ठेवून म्हणाल्या, "जुळलं कुठं? मघा हिकडचे जास्त होते. आता तिकडचे जास्त दिसायलेत."

बाजी वळल्या. डावीकडं बारा आणि उजवीकडं नऊ होते, ते आता डावीकडं नऊ आणि उजवीकडं बारा झाले होते. चिपनं झोपेत दोन्ही आकड्यांच्या जागाच बदलल्या होत्या. आणि बाजींचा पारखआकडा म्हणजे साधी बेरीज. बारा आणि नऊ एकवीस. नऊ आणि बारासुद्धा एकवीसच. बेरीज खूष, बोर्ड खूष, आणि यजमान संघ हरलेला.

बाजींनी बोटांवर बेरीज करून बघितली. मग त्यांनी आजींचा पिठाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि मोठ्यानं हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, त्याचे पिठात ओघळ झाले. "आजी, तुम्ही नसता तर मी हेच घेऊन परत मैदानात गेले असते!" म्हणाल्या. आजींना कशाचं एवढं कौतुक चाललंय ते कळलं नाही, पण त्यांचं दळण त्या दिवशी आधी झालं.

मग बाजींनी हिशेब बदलला. पहिल्या आकड्याला एकनं गुणायचं, दुसऱ्याला दोननं, आणि मग बेरीज. आता जागा बदलल्या की बेरीजही बदलायची. तेही त्यांना पुरेना. शेवटी त्यांनी सीआरसी नावाचा त्याहून कडक हिशेब बसवला. तो मला त्यांनी तीनदा समजावला आणि मी तीनदा मान हलवली. एक छोटा हिरवा दिवाही लावला. हिशेब जुळला तरच तो लागणार.

गिरणी पास झाली, पण खरी परीक्षा शिल्लक होती. बाजी एका रविवारी सकाळी एसटीनं तामलवाडीला गेल्या. मला बरोबर नेलं होतं. शीतलच्या घरच्यांनी चहा केला. शीतल दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"मी तुला बोलवायला आले," बाजी म्हणाल्या. "सगळ्या मुलींना घेऊन प्रयोगशाळेत ये. बोर्ड ठेवलाय. मोडून दाखवा."

"मोडून?"

"वायर उपटा, खटके मारा, काय वाटेल ते करा. त्याच्याकडून एकदा तरी खोटं वदवून दाखवा. तसं झालं तर मी स्वतः त्याला भंगारात घालते, आणि परत मैदानात आणत नाही."

शीतल आली. बरोबर सगळा संघ आला. एवढ्या उत्साहानं कोणी प्रयोगशाळेत आलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मुलींनी इतक्या महिन्यांचा राग त्या प्लगवर काढला. एकजण वायर ओढायची, दुसरी डबीवर बटणं दाबायची, तिसरी ओरडायची, "आत्ता! आत्ता उपट!" बाजी हाताची घडी घालून भिंतीशी उभ्या. बोर्ड मिटायचा, परत यायचा. कधी बरोबर आकडा आणि हिरवा दिवा. कधी एक गुण मागचा आकडा आणि हिरवा दिवा, कारण नवीन प्रत लिहून व्हायच्या आतच वायर उपटलेली असायची. "ते चालेल," बाजी म्हणायच्या, "ते जुनं आहे, पण खरं आहे. सरांच्या कागदावरून मी पुढचं बटण दाबणार." आणि एकदा, फक्त एकदा, आडव्या रेघा आल्या. दिवा नाही.

शीतल बोर्डाजवळ गेली. "आता ह्याला म्हाईत न्हाय?"

"न्हाय."

"आणि ते तसं सांगायलंय?"

"व्हय."

तिनं परत वायर उपटली. पुन्हा लावली. पुन्हा उपटली. बाकीच्या मुली कंटाळून खिडकीत जाऊन बसल्या तरी ती करत राहिली. शेवटी वायर हातात धरूनच म्हणाली, "म्हंजे हे आता खोटं बोलणारच न्हाय?"

बाजींच्या जागी दुसरं कोणीही असतं तर हो म्हणालं असतं. बाजी म्हणाल्या, "असं मी म्हणत नाही. पण आता त्याला खोटं बोलणं लई अवघड केलंय."

शीतल पहिल्यांदा हसली. "हिरवा असला तरच बघायचं, एवढंच ना?"

"एवढंच."

पुढच्या हिवाळ्यात आमच्या मुली परत अंतिम फेरीत पोचल्या. शीतलचं ते शेवटचं वर्ष. ती बारावीला होती. बोर्डावर ताडपत्री नव्हती. पण लोक विसरले नव्हते. बोर्ड लावताना भिंतीवरून कोणीतरी ओरडलंच, "बाजी, आज किती वाजवणार?"

"जेवढे खरे असतील तेवढे!" बाजींनी तिथूनच उत्तर दिलं.

शेवटचा डाव आला. पाहुण्या मुलींचे पंधरा झाले होते. आमच्या मुली पाठलागावर होत्या. ऊन कलतं झालेलं, येडशीच्या बाजूनं गार वारा सुटलेला, मैदानावर लांब सावल्या. शीतलनं तेरावा गडी टिपला, बाजींनी बटण दाबलं, आणि मंडपामागचा जनरेटर खोकायला लागला. लाईट कण्हत कण्हत गेली. बाजींनी लावलेली बॅटरी? तिची वायर कोणाच्यातरी पायात येऊन केव्हाच निघाली होती.

बोर्ड काळा. उजेड होता, म्हणून पंचांनी खेळ थांबवला नाही. तेवढ्यात आमच्या एका मुलीनं झेप घेऊन पाहुण्यांचा एक गडी शिवला. मैदान गरजलं. पण झेपेत तिचा पाय मधली पट्टी ओलांडून गेला होता, आणि ते नियमात बसत नाही. पंचांनी ते बाद धरलं नाही. मला टेबलावरून ते स्वच्छ दिसलं. गर्दीतल्या फार थोड्यांना दिसलं. गर्दीनं मनात चौदा धरले.

जनरेटर परत चालू झाला. बोर्डावर आधी रेघा लुकलुकल्या. मग आकडे उमटले. तेरा. खाली हिरवा दिवा.

"चौदा! चौदा!" चारी बाजूंनी ओरडा. "बाजींनी परत घोळ घातला!" एक चप्पल टेबलाजवळ येऊन पडली.

बाजी माझ्याकडं वाकल्या. "तुमच्या कागदावर किती?"

"तेरा. मधलं बाद धरलं नाही."

"मग ठीक." त्यांनी त्या चपलेकडं बघितलंसुद्धा नाही. डबी मात्र त्यांनी दोन्ही हातांनी धरली.

चौदावा गडी गेला. पंधरावा गेला. बोर्ड म्हणत होता पंधरा-पंधरा. लोकांच्या हिशेबानं सोळा झाले होते, आम्ही जिंकलो होतो. हलगी सुरू झाली. लोक दोर ओलांडून आत यायला लागले. पट्टीवर बसलेल्या आमच्या दोन मुली हात वर करून उठल्या. सगळं मागच्या वर्षीसारखं चाललं होतं आणि मला टेबलावरून एक शब्द बोलायची मुभा नव्हती.

शीतलनं मान वळवून बोर्डाकडं बघितलं. एवढी हजार माणसं एक सांगत होती आणि बोर्ड दुसरंच सांगत होता. तिची नजर आकड्यावरून खाली दिव्यावर गेली. मग ती अशी ओरडली की हलगी बंद पडली.

"बसा खाली! अजून एक पायजे! बसा!"

उठलेल्या मुली बसल्या. शीतलनं पाठलाग घेतला. पाहुण्यांची शेवटची मुलगी चपळ होती, खांबाला वळसा घालून पळत होती. शीतल तिच्या मागं लागली, खांबाशी आली, एका हातानं खांब पकडला आणि सगळं अंग हवेत सोडून दिलं. तिची बोटं त्या मुलीच्या टाचेला लागली. दोघीही मातीत. पंचांची शिट्टी. गडी बाद. बाजींनी बटण दाबलं, आणि जराशानं वेळ संपल्याची शिट्टी झाली.

पंच टेबलाशी आले. माझा कागद बघितला. मग वळून बोर्डाकडं बघितलं. कागदावर आणि बोर्डावर, दोन्हीकडं आमचे सोळा. त्यांनी आमच्या बाजूनं हात वर केला.

त्यानंतरचं मला नीट सलग आठवत नाही. एवढं आठवतं की मुली आधी शीतलकडं धावल्या आणि शीतल मातीनं भरलेली, कोपर सोललेलं, सरळ आमच्या टेबलाकडं धावत आली. तिनं बाजींना कमरेला मिठी मारून उचललं. बाजींचं वजन काही कमी नव्हतं. त्या ओरडत होत्या, "अगं सोड, डबी पडेल! वायर तुटेल!" मग बाकीच्या मुली आल्या आणि बाजी त्यांच्या खांद्यांवर गेल्या. भिंतीवरून ओरडणारा तो माणूस खाली उतरून टाळ्या वाजवत होता. तो गुलाबजामच्या दुकानाचा मालक निघाला. त्यानं त्या संध्याकाळी संपूर्ण संघाला पोटभर गुलाबजाम खायला घातले, आणि बाजींना एक मोठा डबा भरून दिला. बाजी लाजल्या वगैरे अजिबात नाहीत. "दोन वर्षांचे द्या," म्हणाल्या, आणि त्यानं दिले.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्यांनी मला बोलावून मेमरी संगणकावर वाचून दाखवली. जनरेटर कण्हला त्या क्षणी लिहिली जात असलेली प्रत खरोखरच फाटली होती. तिच्यातला गुणांचा आकडा भलताच होता. बोर्डानं ती वाचली, हिशेब केला, जुळला नाही म्हणून टाकून दिली, आणि त्याआधीच लिहून झालेल्या शाबूत प्रतीतले तेरा उचलले. त्या लुकलुकणाऱ्या रेघा म्हणजे तो हिशेब चालला होता. "बघा," बाजी पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "इतक्या गर्दीतसुद्धा गडबडला नाही." एखादी आई पहिलीतल्या मुलाचं पाठांतर कौतुकानं सांगते, तसा आवाज होता.

पण मला सामन्याच्या दिवसाचं जे सगळ्यात स्पष्ट दिसतं, ते त्याच संध्याकाळचं आहे. चषक घेऊन मुलींची मिरवणूक निघाली होती. मुली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, आणि मागं मामूंचा छोटा टेम्पो. टेम्पोत बोर्ड उभा केला होता. कोणीतरी बॅटरी जोडून दिली होती. लाल आकडे पेटलेले, सोळा-पंधरा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या दुकानांवर त्यांचा लाल उजेड पडत होता. हॉटेलांतून माणसं कप हातात घेऊन बाहेर येत होती, आकडे मोठ्यानं वाचत होती. एका न्हाव्यानं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तसंच सोडून हात वर केले. बोर्ड खड्ड्यांत डुलत होता, आणि पडू नये म्हणून बाजी त्याच्या मागं उभ्या होत्या. समोरून त्या दिसत नव्हत्या. चौकटीच्या दोन्ही कडांना गच्च धरलेली त्यांची बोटं तेवढी दिसत होती, आणि चौकात टेम्पो वळला तेव्हा, वाऱ्यानं फडफडणारं ओढणीचं एक टोक.